कुंभारकावळा, कुकुडकोंबा की भारद्वाज? पक्ष्यांच्या गावाकडच्या नावांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा गावाकडं ज्या पक्ष्याला कुंभारकावळा म्हणतात त्याला पुस्तकात भारद्वाज लिहिलंय, ऑफिसातली कोकणातली मैत्रीण त्यालाच कुकुडकोंबा म्हणते, तर यातलं खरं नाव कुठलं? पक्षीनिरीक्षण नव्यानं सुरू करताना ही गावठी नावं शिकण्यात वेळ घालवावा की सरळ इंग्रजी नावं पाठ करावीत? आणि जाता जाता, आजोबा भोरडी म्हणून ज्वारी खाणारा एक पक्षी सांगतात तो कोणता?

भोरडीचं शेवटी सांगतो, कारण तो विषय निघाला की मी लवकर थांबत नाही. आधी कुंभारकावळा.

तिन्ही नावं खरी आहेत, आणि चौथंही आहे, सोनकावळा. पक्षी एकच. अंग काळं कुळकुळीत, शेपूट लांब रुंद, पंख भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मडक्याच्या रंगाचे, डोळा गुंजेसारखा लाल, आणि उडण्यापेक्षा कुंपणाच्या बुडाबुडानं चालत जायची सवय. कुंभारकावळा म्हणणाऱ्यानं त्याचे पंख बघितले आणि कुकुडकोंबा म्हणणाऱ्यानं आवाज ऐकला, तो घुमणारा कूक् कूक् कूक् जो सकाळी गावाच्या एका टोकाला सुरू होतो आणि दुसऱ्या टोकावरून जोडीदार त्याला उत्तर देतो. भारद्वाज हे मात्र पोथीतून आलेलं नाव. आपट्यांचा संस्कृत कोश उघडलात तर भरद्वाज या शब्दाला चंडोल असा अर्थ दिलेला मिळेल, अमरकोशात त्याला व्याघ्राट म्हटलंय. म्हणजे जे नाव आपण शुद्ध समजतो तेच दुसऱ्या पक्ष्याकडून इकडं आलंय. आता ते मराठीत पक्कं बसलंय, सकाळी भारद्वाज दिसला की काम होतं म्हणून लोक हात जोडतात, मी पण तेच नाव वापरतो, पण त्या जोरावर आजोबांना तुमचं चुकतंय असं कुणी सांगू नये एवढंच.

कुणी म्हणेल की हा कावळ्याच्या कुळातला नाहीच, मग कावळा म्हणणं अशास्त्रीय. बरोबर, तो कोकीळ-पावशाच्या कुळातला, फक्त त्यांच्यासारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही, स्वतः घरटं बांधतो आणि पिल्लं स्वतः वाढवतो. पण इंग्रजीत तरी काय होतं? जुन्या इंग्रजी पुस्तकांत याचं नाव क्रो-फेझंट आहे, म्हणजे तिथंही कावळाच, ग्रेटर कूकल हे नाव नंतर रुळलं. आपला कोतवाल आधी किंग क्रो होता तो ब्लॅक ड्रोंगो झाला, घार परायह काइट होती ती ब्लॅक काइट झाली. शास्त्रीय नावंसुद्धा हलतात, ठिपकेवाला होला आमच्या सुरुवातीच्या काळात स्ट्रेप्टोपेलिया होता आणि आता स्पिलोपेलिया लिहावं लागतं. त्यामुळे इंग्रजी नावं पाठ केली की काम संपलं असं समजू नका. माझा सल्ला असा की शास्त्रीय नाव नोंदीसाठी शिका, इंग्रजी नाव पुस्तक चाळण्यापुरतं, आणि गावाकडचं नाव तो पक्षी शोधण्यासाठी, कारण पक्षी कुठं बघायचा, कधी बघायचा आणि काय करताना बघायचा हे बहुतेक वेळा त्या नावातच सांगितलेलं असतं.

भारतात तेराशेच्या वर पक्ष्यांच्या जाती आहेत, एकट्या महाराष्ट्रात साडेपाचशेच्या वर, आणि या सगळ्यांना गावात नावं आहेत असं मुळीच नाही. लोक नाव देतात ते ज्याच्याशी रोज संबंध येतो त्याला, म्हणजे जो पीक खातो, जो ओरडून काही सांगतो, जो खाता येतो, जो अंगणात घरटं करतो आणि ज्याची भीती वाटते.

ओरडणाऱ्यांपासून सुरू करू. पावशा घ्या. मार्च-एप्रिलमध्ये हा ओरडायला लागतो, सूर एकेक पायरी वर चढत जातो, इतका वर जातो की आता गळा फाटेल असं वाटतं आणि मग एकदम थांबतो, दोन मिनिटांनी पुन्हा खालून सुरुवात. उन्हाळ्यात रात्रीसुद्धा. आपल्या शेतकऱ्याला त्यात "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकू येतं. हिंदी मुलखात हाच पक्षी पपीहा, तो "पी कहाँ" म्हणून प्रियकराला शोधतो. बंगालमध्ये हाच "चोख गेलो" म्हणतो, म्हणजे डोळा गेला. इंग्रज इथं आले तेव्हा उकाड्यानं हैराण झालेल्या त्यांना "ब्रेन फीव्हर" ऐकू आलं. आवाज तोच आहे, पण ज्याच्या डोक्यात मे महिन्यात बियाणं आणि नांगरट चाललेली त्याला पेरणी ऐकू आली. मला हे इतकं आवडतं की नव्या माणसाला मी आधी हा आवाज ऐकवतो आणि तुला काय ऐकू येतं ते सांग म्हणतो. पक्षी दिसायला मात्र शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, लहान पक्षी त्याला बघून पळतात सुद्धा, आणि तो अंडी टाकतो सातभाईंच्या घरट्यात.

इथंच एक गोंधळ नेहमी होतो तो दूर करतो. पावशा वेगळा आणि चातक वेगळा. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, मोसमी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो, आपल्याकडं मे अखेर ते जूनमध्ये दिसायला लागतो आणि पाऊस सरला की जातो. तोही सातभाईंच्याच डोक्यावर पिल्लं टाकतो. पावशा बराचसा इथलाच, फक्त पावसाच्या तोंडाशी जास्त ओरडतो म्हणून लक्षात येतो. दोघांचा संबंध पावसाशी जोडल्यामुळं कवितांमध्ये दोघं एकमेकांत मिसळून गेलेत, पण शेतावरचा माणूस सहसा गफलत करत नाही कारण त्याच्या लेखी एक ऐकायचा पक्षी आहे आणि एक बघायचा.

आवाजावरून आलेली बाकीची नावं तुम्हाला माहीत असतील, टिटवी, होला, कोकीळ. कोकिळेबद्दल एक लक्षात ठेवा, कुहू कुहू करणारा नर असतो, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती किक् किक् किक् असं कर्कश ओरडते. त्यामुळे कोकिळा गाते असं आपण म्हणतो खरं, पण गातो तो कोकीळ. सुगरणीचं असंच, विणकाम सगळं नराचं, मादी फक्त येऊन बघते आणि पसंत पडलं तर राहते, तरी नाव स्त्रीलिंगी पडलं कारण सुगरणपण बाईचं समजलं गेलं. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बसून हे सगळं टिपलं, एकेक नर अनेक घरटी अर्धवट विणतो आणि मादीनं पत्करलं तेच पुरं करतो. टिबुकलीचं नाव तर मला फारच नेमकं वाटतं, तळ्यात ती बुडी मारते तेव्हाचा आवाज आणि तिचा तो छोटासा गोळा दोन्ही त्या शब्दात आहेत.

आता कामधंद्यावरून आलेली नावं, यात तर अख्खं गाव बसलंय. शेपूट सारखी वरखाली आपटत पाण्याकाठी फिरतो तो धोबी किंवा परीट. पानं कापसाच्या आणि कोळ्याच्या धाग्यानं शिवून घरटं करतो तो शिंपी. टुक टुक टुक करून तांब्याची भांडी ठोकल्यासारखा आवाज काढतो तो तांबट. झाडाचं खोड टोचतो तो सुतार, आणि इथं सावध राहा, बरेच लोक डोक्यावर पंखा असलेल्या हुदहुदला पण सुतार म्हणतात, पण तो बिचारा जमिनीतले किडे काढतो, खोड फोडत नाही. किडे, सरडे काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला, शिक्र्याला अंगावर जाऊन हाकलतो तो कोतवाल, आणि त्याच्या झाडावर बाकीचे लहान पक्षी निवांत घरटी करतात, हे मी कितीतरी बाभळींवर बघितलंय.

यातलं माझं सगळ्यात लाडकं नाव डोंबारी. चिमणीएवढा चंडोल आहे तो, नराचं पोट काळं, पाठ मातीच्या रंगाची, माळावर बसला की दिसत नाही. विणीच्या दिवसांत नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या जरा वर असताना त्याच वेगात पुन्हा वर जातो, पुन्हा पडतो, आणि प्रत्येक वेळी एक लांब शीळ. ज्या कोणी पहिल्यांदा त्याला डोंबारी म्हटलं त्यानं तो खेळ किती वेळ उभं राहून बघितला असेल. पक्ष्याच्या पुस्तकातल्या चित्रात काळं पोट दिसतं, हा खेळ दिसत नाही, आणि माळावर तर तो आधी खेळावरूनच ओळखू येतो.

वारकरी पण असाच. उजनीच्या पाण्यावर, भिगवणकडं हिवाळ्यात गेलात तर काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतील, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. सगळे मिळून एका दिशेनं निघालेले असतात, म्हणून वारकरी. काही ठिकाणी त्यालाच चांदवा म्हणतात, कपाळावरच्या त्या चांदामुळं. त्याच्याच आसपास काटकुळ्या गुलाबी पायांचा शेकाट्या, चमच्या, आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो. इंदापूरला तर चित्रबलाक, ज्याला जुने लोक चामढोक म्हणतात, भरवस्तीतल्या चिंचेवर घरटी करतात.

नावांमुळं फसगत कशी होते ते पण सांगतो, कारण तुम्ही उद्या गावात जाऊन विचाराल तेव्हा याचा त्रास होईल. मी सुरुवातीला दक्षिण कोकणात फिरत होतो तेव्हा एका आजोबांना विचारलं की इकडं गरुड दिसतो का. म्हणाले हो, रोज, उंबरावर असतो. मी गोंधळलो, गरुड उंबरावर काय करणार. मग ते म्हणाले त्याची बायको ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि हा तिला फटीतून फळं भरवतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, ते धनेशाबद्दल बोलत होते, मोठ्या चोचीचा, चोचीवर शिरस्त्राण असलेला. त्याला तिथं गरुडच म्हणतात, आणि त्याहून लहान काळ्या-पांढऱ्या धनेशाला माडगरुड किंवा ककणेर. मी फक्त "गरुड दिसतो, होय" असं वहीत लिहून पुढं गेलो असतो तर ती नोंद पार खोटी झाली असती, आणि चूक त्या आजोबांची नसती. त्यांनी तर मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर तिला पोसतो हे इतकं नीट सांगितलं होतं.

नीलकंठाचं वेगळं. हिंदीत नीलकंठ म्हणजे आपला नीलपंख, चास किंवा तास, विजेच्या तारेवर बसणारा, उडाला की निळ्याचे दोन-तीन पट्टे झळकतात. त्याचा कंठ निळा नसतोच, तो तपकिरी-जांभळट रेघांचा असतो. खरोखर निळ्या गळ्याचा एक छोटा पक्षी हिवाळ्यात पाणथळीच्या झुडपांत येतो, त्याला मराठीत शंकर म्हणतात, नाव अगदी चपखल. पण नीलकंठ हे नाव शंकराशी जोडलं गेल्यामुळं काही राज्यांत दसऱ्याला नीलपंखाचं दर्शन शुभ मानतात आणि त्यासाठी तो पकडला जातो, पंख बांधून पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवला जातो, त्यात बरेचसे मरतात. कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशाचा तो राज्यपक्षी आहे तरी हे चालतं. कुणी असा पिंजरा घेऊन दारात आला तर पैसे देऊ नका, वनविभागाला कळवा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. घरात राघू पाळणं पण गुन्हाच आहे, हे अजून खूप जणांना माहीत नसतं.

सुरखाब हा शब्द हिंदीत चक्रवाकासाठी, केशरी अंगाचं ते ब्राह्मणी बदक, आणि गुजरातेत सुरखाब म्हणजे रोहित, तिथला राज्यपक्षी. बुलबुल हा शब्द फारसी, तिकडं तो नाइटिंगेलचा, इथं आल्यावर आपल्या लालबुड्याला चिकटला. करकोचा, ढोक, बगळा यांत तर गावोगाव सरमिसळ, तिथं नावावर विसंबूच नका, चोच आणि पाय विचारा.

आता उलट बाजू, पक्षी एक आणि नावं पन्नास. आणि इथं मला जरा थांबायचंय.

माळढोक. राजस्थानात गोडावण, गुजरातेत घोराड, मध्य प्रदेशात सोनचिडिया, कर्नाटकात एरेभूत, आणि आपल्याकडं माळढोक, जुन्या लोकांत हूम. हूम हा नराचा आवाज, विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून तो खोल घुमतो, पहाटे वारा नसला की फार लांबवर जातो. आणि माळढोक म्हणजे माळावरचा ढोक, पाण्याकाठच्या ढोकासारखा उंच, पण राहणार माळावर. त्या नावात त्याचा पत्ताच आहे. पण सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटलं की कुणाला तरी तिथं झाडं लावाविशी वाटतात, कुणाला पाणी आणून ऊस करायचा असतो, तारा ओढायच्या असतात, आणि हा जड पक्षी समोरचं नीट दिसत नसल्यानं त्या तारांवर आपटून मरतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मेंढपाळानं मला चालून दाखवलं होतं माळढोक कसा चालतो ते, मान ताठ, हनुवटी वर, एकेक पाऊल मोजून, गावच्या पाटलासारखा. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं, आणि सोलापूरच्या माळावर त्याची वाट बघत बसावं लागतं. त्या भागातल्या शाळकरी पोरांना विचारलं तर माळढोक हे नाव त्यांना पाटीवरून माहीत असतं, हूम तर कुणालाच नाही. आवाज थांबला आणि मागोमाग शब्द पण गेला.

तणमोराचं पण तेच होत आलंय. गवतातला मोर म्हणून तणमोर, मध्य प्रदेशात खरमोर. पावसाळ्यात नर गुडघाभर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवत, पुन्हा गवतात गडप, दिवसभरात शेकडो वेळा. अकोला-वाशीमकडच्या गवताळ रानात मी एका वयस्कर फासेपारधी माणसाबरोबर दोन पावसाळे फिरलो, आणि पक्ष्यांबद्दल मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या दोन पावसाळ्यांतलं आहे. आपण ज्याला सरसकट लावा म्हणून सोडून देतो त्यात ते लावा, बटेर, दुर्लाव असे वेगवेगळे पाडायचे, नुसत्या आवाजावरून, पायाच्या ठशावरून. दुर्लावाला मागचं बोट नसतं हे त्यांनी मला मातीतल्या ठशावर दाखवलं. आणि म्हणाले याच्यात नर अंड्यावर बसतो, मादी निघून जाते दुसरीकडं. मी घरी येऊन पुस्तक काढलं तर शब्दन् शब्द बरोबर. ज्या समाजाला शिकारी म्हणून नावं ठेवली गेली त्यांच्याकडं हे ज्ञान आहे, आणि गवताळ रानं वाचवायची असतील तर त्यांना बरोबर घेतल्याशिवाय होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

बरं, नावं गोळा करायची कशी ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तिकडंच आहे असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, फोटो आधी दाखवू नका. मोबाईलवरच्या फोटोत चिमणी आणि घार एकाच आकाराची दिसते, म्हातारी माणसं गोंधळतात आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकतात. आधी गप्पा मारा, तुमच्याकडं ज्वारीवर कोण येतं, विहिरीत कोण घरटं करतं, रात्री कोण ओरडतं, पाऊस यायच्या आधी कोण दिसतं. नाव आपोआप निघतं. दुसरं, "याला भारद्वाज म्हणतात ना" असं विचारू नका, समोरचा शिकलेल्या माणसापुढं हो म्हणतो आणि त्याचं स्वतःचं नाव गिळून टाकतो, हे मी कित्येकदा बघितलंय आणि फार वाईट वाटतं. तिसरं, जसं ऐकलं तसंच लिहा, शुद्ध करू नका. कुकुडकोंबा, कुकुडकुंभा, कुक्कुडकोंबा असे तीन उच्चार मिळाले तर तीनही लिहा. आणि नावाशेजारी गाव, तालुका, महिना, सांगणारा काय काम करतो, आणि पक्षी ओळखण्याची त्यानं सांगितलेली खूण. एका माणसावर थांबू नका, निदान तिघांना वेगवेगळं विचारा, आणि बायकांना जरूर विचारा, अंगणातले, परसातले आणि पाणवठ्यावरचे पक्षी त्यांना जास्त माहीत असतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर त्या पक्ष्याच्या कॉमेंटमध्ये स्थानिक नाव टाकायची सवय लावा. फक्त घरट्याची नेमकी जागा कुठंही टाकू नका, आणि पक्ष्याला पुढं आणायला मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही.

गाव नीट लिहिण्याचा मी एवढा आग्रह का धरतो त्याचं एक मोठं उदाहरण देतो. पिंगळा सगळ्यांना माहीत आहे, जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारं छोटं घुबड, आणि पहाटे कुडमुडं वाजवत भविष्य सांगायला येणारे पिंगळा जोशी पण आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवतील, या पक्ष्याची भाषा कळते असं ते सांगायचे. त्याचा एक रानातला भाऊबंद आहे, वन पिंगळा, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट, आणि दिवसा पण हिंडतो. १८८४ नंतर त्याचा पत्ता नव्हता, संपला असं धरून चाललेले. एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं, म्हणून शोधणारे तिकडं जाऊन हात हलवत परत यायचे. पुढं उघड झालं की तो नमुना जुन्या संग्रहातून चोरलेला होता आणि चिठ्ठीवरचं गाव खोटं. ती नोंद बाजूला काढून जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागं गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो सापडला, ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटात पण भेटला. म्हणजे एका चिठ्ठीवरच्या चुकीच्या गावानं किती जणांची किती वर्षं घालवली बघा.

नवीन बनवलेल्या नावांबद्दल पण विचारतात लोक. तिबोटी खंड्या, स्वर्गीय नर्तक, अग्निपंख वगैरे. ज्या पक्ष्याला गावात नावच नव्हतं, त्याला नवं मराठी नाव देणं चांगलंच आहे, कारण नावाशिवाय पोरांना तो दाखवता येत नाही. वटवट्यांचे सगळे भाऊबंद तर एकमेकांसारखे दिसतात, तिथं नवी नावं लागणारच. पण जिथं जुनं नाव जिवंत आहे तिथं इंग्रजीचं भाषांतर आणून बसवू नये. वेडा राघूला कुणी हिरवा मधमाशीखाऊ म्हणायला लागलं तर मला ते सहन होत नाही. एका तारेवरून उडायचं, हवेत गिरकी घ्यायची, माशी पकडायची आणि परत त्याच जागी येऊन बसायचं, दिवसभर हेच, याला वेडा राघू हेच नाव पाहिजे. मारुती चितमपल्लींनी जंगलात नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून, कोळ्यांकडून अशी जुनी नावं जमवून मराठीत आणली, हे फार मोठं काम आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून धरतात. सुरुवात करायला चांगला मुहूर्त आहे, हिवाळी पाहुणे पण तोवर आलेले असतात.

आता भोरडी. आजोबा म्हणतात ती गुलाबी मैना, साळुंकीची चुलत बहीण. डोकं, पंख, शेपूट काळं आणि पाठ-पोट फिकट गुलाबी, तरुण पक्षी मात्र नुसते मातकट. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत त्यांची वीण होते, तिथं टोळ आणि नाकतोडे खाऊन वाढतात, आणि आपल्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात ते एप्रिलपर्यंत असतात. ज्वारी हुरड्यात आली की थवा उतरतो, हजारोंच्या संख्येत, आणि पिकाचं नुकसान करतो हे खरं आहे, त्यासाठीच माळा बांधून गोफण घेऊन राखण करायचे. पण तेच पक्षी त्याच शेतातले नाकतोडे आणि अळ्या पण खातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलली की मधासाठी त्यावर गर्दी करतात, म्हणून दुसरं नाव पळसमैना. संध्याकाळी झोपायच्या झाडावर उतरायच्या आधी आकाशात त्यांचा थवा जो वळतो, पसरतो, गोळा होतो, तो एकदा बघा, मी तीस वर्षं बघतोय आणि दर वर्षी तेवढाच वेळ उभा राहतो.

ज्वारी कमी होऊन ऊस आणि सोयाबीन आलं त्या गावांत मला आता पूर्वीसारखे थवे दिसत नाहीत. म्हणूनच आजोबांना काही गोष्टी आठवून सांगायला सांगा. त्यांच्या लहानपणी भोरड्या कुठल्या सणाच्या आसपास यायच्या, कुठल्या झाडावर झोपायला जमायच्या, राखणीला किती दिवस बसावं लागायचं, आणि गुलाबी आणि मातकट अशा दोघींना एकच नाव होतं की वेगवेगळी. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, जमलं तर आवाज रेकॉर्ड करा, गावाचं आणि तालुक्याचं नाव वर टाका, आणि मला कळवा.